जुन्या गेममधल्या खडबडीत कडा: कोणता मॉड लावावा?

गिरणाकाठ, चाळीसगाव
नमस्कार मंडळी. जीटीए मालिकेतला व्हाइस सिटी परत खेळायला घेतलाय. कॉम्प्युटरवर हा गेम २००३ साली आला आणि माझा लॅपटॉपही जुनाच आहे. १५.६ इंची पडदा, रिझोल्यूशन १३६६ बाय ७६८, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही, इंटेलचं आतलंच. गेम कुठेही अडकत नाही. त्रास आहे तो कडांचा. हॉटेलांच्या गच्च्या, पुलांचे कठडे, रस्त्याचे खांब, सगळं पायऱ्यापायऱ्यांचं दिसतं. गाडी जोरात नेली की किनाऱ्यावरच्या झाडांच्या झावळ्या नुसत्या वळवळतात.

रीशेड नावाचा मॉड (गेममध्ये बाहेरून बदल करणारी जोड) लावला की कडा गुळगुळीत होतात असं वाचलं. त्यात एफएक्सएए आणि एसएमएए असे दोन पर्याय दिसतात. कोणता घ्यावा? आतल्या ग्राफिक्सवर झेपेल का? घरचे म्हणतात, इतक्या जुन्या गेमवर कशाला वेळ घालवतोस. पण ज्या गेममधलं शहर मला गल्लीबोळांसकट पाठ आहे ते चांगलं दिसावं म्हणून एखादी संध्याकाळ दिली तर बिघडलं कुठे?

भुसावळ_जंक्शन
मॉडचं नंतर. गेममध्ये रिझोल्यूशन किती ठेवलंय? आणि डिस्प्लेच्या मेनूत ट्रेल्स चालू आहे की बंद?

गिरणाकाठ, चाळीसगाव
८०० बाय ६००. ट्रेल्स बंद.

भुसावळ_जंक्शन
मग अर्धं दुखणं तिथेच आहे, भाऊ. ८०० बाय ६०० म्हणजे ४ लाख ८० हजार पिक्सेल. तुझ्या पडद्यावर साडेदहा लाखांच्या आसपास आहेत. गेम छोटं चित्र काढतो आणि पडदा ते ताणतो. ताण पण सारखा नाही, आडवा जास्त आणि उभा कमी. आधी १३६६ बाय ७६८ कर. चित्र आडवं फाकलेलं वाटेल, त्यासाठी थर्टीनएजी नावाच्या मॉडरचा वाइडस्क्रीन फिक्स टाक.

ट्रेल्स बंद ठेवलंस ते बरोबर केलंस. ते चालू असलं की आधीच्या फ्रेमचा, म्हणजे आधीच्या चित्राचा, अंश नव्या चित्रावर मिसळतो. कडा मऊ वाटतात खऱ्या, पण सगळंच धुरकट होतं.

केळीवाला_रावेर
सरळ एफएक्सएए लाव आणि खेळायला बस. हलकं असतं, कुठल्याही मशीनवर चालतं. मी आमच्या दुकानातल्या जुन्या पीसीवर तेच लावलंय. एसएमएए आणि एफएक्सएएतला फरक खेळताना कोणाला कळत नाही.

मेहरूण, जळगाव
कोणता मॉड ते ठरवण्याआधी तुझ्या पडद्यावर नक्की काय बिघडलंय ते बघू या, कारण तू लिहिलेल्या तक्रारी दोन वेगळ्या आहेत. मी कॉलेजात कॉम्प्युटर ग्राफिक्स शिकवते. मुलांना पहिल्याच तासाला चौकटीच्या वहीत तिरकी रेघ काढायला लावते, पण चौकोन भरून. एक चौकोन एकतर भरायचा नाहीतर कोरा ठेवायचा, अर्धा भरायचा नाही. रेघ कितीही सरळ असली तरी वहीवर पायऱ्याच पडतात. पडद्याचंही तेच आहे. गेम प्रत्येक पिक्सेलच्या मध्यावर एकदाच विचारतो, इथे भिंत आहे की आकाश? उत्तर एकच मिळतं. पिक्सेलचा चाळीस टक्के भाग भिंतीचा असला तरी त्याला त्याची खबर नसते.

गच्चीच्या कडेवर दिसतात त्या या पायऱ्या. झावळ्यांची आणि कठड्यांची वळवळ त्याच्या पुढची आहे. लांबच्या कठड्याचा गज पिक्सेलपेक्षा बारीक झाला की काही ठिकाणी तो सापडतो, काही ठिकाणी निसटतो. गाडी जरा पुढे गेली की सापडण्याच्या जागा बदलतात. म्हणून गज तुटक दिसतो आणि ते तुकडे नाचतात.

रीशेडमधले एफएक्सएए आणि एसएमएए दोन्ही तयार झालेल्या चित्रावर काम करतात. पायऱ्या ओळखून तिथले रंग मिसळतात. पण जो गज चित्रात आलाच नाही तो त्यांना कुठून दिसणार? तेव्हा पहिलं दुखणं बरंच कमी होईल. दुसऱ्याला त्यांचा उपयोग थोडाच.

पांझरा, धुळे
मेहरूण ताई, सुरेख समजावलंत.

केळीवाला भाऊ, फरक कळतो. खेळताना पैशांचा आकडा आणि कोपऱ्यातला नकाशा बघा. रीशेड सगळं चित्र झाल्यावर हात फिरवतो, त्यामुळे अक्षरंही त्याच्या तावडीत सापडतात. एफएक्सएए उजेडातला फरक बघून कड ठरवतो आणि ती मिसळून टाकतो, म्हणून बारीक अक्षरं आणि विटांचं टेक्स्चर पुसट होतं. तो एनव्हिडियाच्या टिमथी लॉट्स यांनी केला, वेगासाठी, आणि त्या कामाला उत्तम आहे. एसएमएएची वाट वेगळी. इंटेलच्या अलेक्झांडर रेशेटोव्ह यांनी २००९ मध्ये एमएलएए मांडला होता. पायऱ्यांचे एल, झेड, यू असे आकार ओळखायचे आणि मूळ रेघ कुठून गेली असेल त्याचा अंदाज बांधायचा. त्यावर होर्हे हिमेनेझ आणि सारागोसा विद्यापीठातल्या व क्रायटेकमधल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये एसएमएए आणला. तो तीन फेऱ्यांत चालतो: कड शोधणं, किती मिसळायचं ते ठरवणं, मग मिसळणं. कड नाही तिथे तो हात लावत नाही, म्हणून चित्र स्वच्छ राहतं.

सेटिंगमध्ये थ्रेशोल्ड, म्हणजे किती फरकाला कड म्हणायचं ती मर्यादा, ०.१० असतो. तो ०.०५ केला की पुसट कडाही सापडतात. सर्च स्टेप्स, म्हणजे कड किती लांबवर शोधायची ते, वाढवल्या की लांबलचक, जवळजवळ आडव्या कडा सुधारतात. व्हाइस सिटीत पुलांच्या कडा अशाच आहेत. धार आणणारा इफेक्ट लावायचा असेल तर एसएमएएच्या खाली ठेव. उलट केलंस तर आधी पायऱ्यांनाच धार येईल.

केळीवाला_रावेर
बरं बुवा, पैशांचा आकडा बघतो आज. पण दुकानातल्या पीसीवर मी एफएक्सएएच ठेवणार, तिथे चित्रापेक्षा वेग महत्त्वाचा.

अमळनेरी_पोऱ्या
काय भो, मन्हा लॅपटॉपबी आसाच शे. उन्हायामा तं त्याले हात लावाले जमत नही. तुम्ही बठ्ठा सांगी राह्यनात तं मीबी लाई देखस.

भुसावळ_जंक्शन
लाव भो, पण नीट वाच. व्हाइस सिटी डायरेक्टथ्रीडी ८ वर (विंडोजच्या डायरेक्टएक्सचा चित्र काढणारा भाग) चालतो आणि रीशेडला ८ समजत नाही. म्हणून मध्ये दुभाषा लागतो, नाव डीथ्रीडी८टू९. रीशेड बनवणाऱ्या क्रोसायरनेच तो केलाय. त्याची डीथ्रीडी८.डीएलएल गेमच्या फोल्डरमध्ये, जिथे गेमची एक्झी फाइल आहे तिथेच टाकायची. मग रीशेडचा इन्स्टॉलर चालवून तीच एक्झी दाखवायची आणि डायरेक्टएक्स ९ निवडायचं. विंडोज अशी फाइल आधी गेमच्या फोल्डरमध्ये शोधतं आणि नंतर स्वतःच्या, म्हणून हे सगळं जमतं. नको झालं की फाइली काढून टाक, गेम होता तसा.

गेम सुरू झाल्यावर होम बटण दाबलं की रीशेडची पाटी उघडते. एसएमएएवर टिक कर. एकाच जागी उभा राहून टिक कर, काढ, परत कर. ओशन ड्राइव्हवर हॉटेलसमोर थांबून गच्चीच्या कडेकडे बघ, लगेच कळेल.

आणि फाइली बनवणाऱ्याच्या मूळ पानावरूनच घ्या. 'सगळे मॉड एकत्र' असली गाठोडी कुठूनही उतरवू नका. डीएलएलच्या नावाखाली काय घुसेल त्याचा नेम नाही.

तापीमाई
विषय सोडून लिहिते, पण राहवत नाही. आमच्या शाळेच्या दिवसांत सावद्याला एका सायबर कॅफेत हाच गेम तासाच्या भाड्याने खेळायचो. माझे दोन्ही भाऊ आणि मी, एकाच खुर्चीवर. दर पाच मिनिटांनी पाळी बदलायची, पोलिसांचे तारे वाढले की आधीच. तेव्हा कडा कधी खुपल्या नाहीत. लहान होतो म्हणून, की तेव्हा खरंच चांगलं दिसायचं?

पांझरा, धुळे
खरंच चांगलं दिसायचं, तापीमाई. तेव्हाचे मॉनिटर काचेच्या ट्यूबचे होते. त्यात चौकोनी पिक्सेल नसायचा, झोताचा ठिपका शेजारच्या ठिपक्यात थोडा मिसळायचा. पायऱ्यांची टोकं तिथेच बोथट व्हायची. शिवाय ट्यूबला ८०० बाय ६०० काय आणि १०२४ बाय ७६८ काय, ताणाताणी नसायची. एलसीडीचा प्रत्येक पिक्सेल स्वच्छ चौकोन असतो, म्हणून तोच गेम आज जास्त खडबडीत वाटतो.

सातपुडा_पायथा, शिरपूर
इथे माझं वेगळं मत. जुना गेम जसा होता तसाच खेळावा. मॉड लावून, कडा घासून, रंग बदलून शेवटी तो वेगळाच गेम होतो. मला त्या पायऱ्यांसकटच तो आवडतो.

मेहरूण, जळगाव
सातपुडा भाऊ, रंग बदलण्याबद्दल मी तुमच्याच बाजूने आहे. रीशेड लावून रात्र निळी आणि ऊन सोनेरी करणारे प्रीसेट (तयार सेटिंगचे संच) मलाही पटत नाहीत, कारण ते गेम करणाऱ्यांनी निवडलेले रंग पुसतात. कडांचं तसं नाही. त्या पायऱ्या कोणी चित्रकाराने काढलेल्या नाहीत, त्या काळच्या हार्डवेअरला प्रत्येक पिक्सेलमध्ये एकापेक्षा जास्त वेळा विचारणं परवडत नव्हतं म्हणून त्या राहिल्या. मूळ मॉडेलमध्ये गच्चीची कड सरळच आहे. ती सरळ दिसू देणं म्हणजे मूळ कामाच्या जवळ जाणं.

पांझरा, धुळे
याला माझा दुजोरा. डार्क सोल्स हा गेम २०१२ मध्ये पीसीवर आला तेव्हा तुमचा पडदा कितीही मोठा असो, आतलं चित्र १०२४ बाय ७२० वरच अडकवलेलं होतं. ड्युरांटे नावाच्या मॉडरने डीएसफिक्स काढला, आतलं रिझोल्यूशन मोकळं केलं, वर एसएमएएची सोय दिली. गेम तोच राहिला, फक्त लोकांना तो नीट दिसला.

सातपुडा_पायथा, शिरपूर
रंगांना हात लावणार नसाल तर माझी हरकत नाही.

हिंजवडीत_खान्देशी
एवढी खटपट कशाला? माझ्याकडे एनव्हिडियाचं आरटीएक्स कार्ड आहे. त्याचं डीएलएसएस हे चित्र सुधारणारं तंत्र लावलं की कडा गायब. तसलं काही नाही का लावता येत?

मेहरूण, जळगाव
नाही लावता येत, आणि कारण समजून घेण्यासारखं आहे. डीएलएसएस, एएमडीचं एफएसआर २ आणि साधा टीएए, कडा सुधारणारे हे सगळे उपाय मागच्या फ्रेमांचा आधार घेतात. दर फ्रेमला कॅमेरा पिक्सेलपेक्षाही कमी अंतराने हलवायचा, म्हणजे दर वेळी नमुना (पिक्सेलमध्ये 'इथे काय आहे' असं विचारायचा बिंदू) थोड्या वेगळ्या जागी पडतो, आणि काही फ्रेमांचं मिळून उत्तर काढायचं. पण गाडी, माणसं, कॅमेरा सगळं हलत असतं. मागच्या फ्रेममधला हा ठिपका आता कुठे गेला हे गेमनेच सांगावं लागतं. त्याला मोशन व्हेक्टर म्हणतात. जुने गेम ते देत नाहीत. रीशेडला तयार चित्र मिळतं, फार तर खोलीची, म्हणजे कोणती वस्तू किती लांब आहे त्याची, माहिती. म्हणून हे उपाय गेम बनवतानाच आत बसवावे लागतात. आणि तिथेही फुकट काही नाही, वेगाने जाणाऱ्या वस्तूमागे भुताटकीसारखा माग राहतो आणि चित्र जरा मवाळ होतं.

हिंजवडीत_खान्देशी
हे माहीत नव्हतं. धन्यवाद मॅडम.

गिरणाकाठ, चाळीसगाव
मंडळी, काल रात्री सगळं लावलं. आधी रिझोल्यूशन, मग वाइडस्क्रीन फिक्स, मग दुभाषा आणि रीशेड. भुसावळ भाऊ म्हणाले तसं हॉटेलसमोर उभा राहिलो. एसएमएए नसताना गच्चीच्या कडेला स्पष्ट दात होते, टिक केल्याबरोबर दातांच्या जागी फिकट होत जाणाऱ्या छटा आल्या. नकाशा आणि आकडे जसेच्या तसे. एफएक्सएए पण लावून बघितला, त्यात निऑनच्या पाटीवरची अक्षरं पुसट झाली. तेव्हा एसएमएएच ठेवला.

पण मेहरूण ताईंनी सांगितलं तेच झालं. दोन बेटांमधल्या पुलावरून जाताना लांबचा कठडा अजून तुटक आहे, आणि झावळ्या वळवळतातच. याला काही इलाज आहे का?

मेहरूण, जळगाव
आहे. तिथे जास्त नमुने घ्यावे लागतील, त्याला दुसरी वाट नाही. एक प्रकार एमएसएए. तो आकारांच्या कडांवर जास्त नमुने घेतो, कठड्याचे गज मॉडेल म्हणून काढलेले असतील तर चांगला उपयोग होतो. पण झावळी म्हणजे एका सपाट पत्र्यावर छापलेलं, आरपार भोकांचं चित्र. पानाची कड त्या चित्राच्या आत असते, आकाराची कड नसते, म्हणून एमएसएए तिला शिवत नाही. जाळीच्या कुंपणाचंही तेच.

राहिला सगळ्यात जुना आणि सगळ्यात सरळ उपाय, एसएसएए. सगळं चित्रच मोठं काढायचं आणि मग लहान करायचं. आडवं दुप्पट, उभं दुप्पट, म्हणजे २७३२ बाय १५३६, जवळपास ४२ लाख पिक्सेल. काम चौपट. नव्या गेमला हे तुझ्या लॅपटॉपवर अशक्य आहे. पण २००३ च्या गेममध्ये एकेका पिक्सेलमागे काम इतकं कमी आहे की करून बघायला हरकत नाही. कड, झावळी, कुंपण, सगळ्याला एकाच वेळी लागू पडतं.

भुसावळ_जंक्शन
ते करायला डीजीवूडू २ घे. हा जुन्या डायरेक्टएक्सच्या मागण्या ११ मध्ये बदलून देतो. मात्र त्याच्याही फाइलचं नाव डीथ्रीडी८.डीएलएलच आहे, म्हणून आधीचा दुभाषा आणि त्याच्याबरोबरची डीथ्रीडी९ नावाची रीशेडची फाइल काढ. डीजीवूडूची ३२ बिटवाली, एक्स८६ फोल्डरमधली फाइल टाक. त्याच्या कंट्रोल पॅनेलमध्ये डायरेक्टएक्सच्या पानावर रिझोल्यूशन दुप्पट कर, वॉटरमार्कची टिक काढ. अडीचपट वगैरे करू नकोस. बरोबर दुप्पट केलं की चार पिक्सेलांची सरासरी एका पिक्सेलमध्ये नीट बसते. रीशेड परत हवा असेल तर आता इन्स्टॉलरमध्ये डायरेक्टएक्स ११ निवड.

ज्यांच्याकडे वेगळं एनव्हिडिया किंवा एएमडी कार्ड आहे त्यांना हेच काम ड्रायव्हरमधून होतं, डीएसआर आणि व्हीएसआर या नावांनी.

एक कळकळीचं सांगणं. चौपट काम म्हणजे जास्त उष्णता. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. लॅपटॉपचा पंखा तीच हवा आत ओढतो. चिप ९५-१०० अंशांच्या आसपास गेली की जीव वाचवायला स्वतःचा वेग कमी करते, मग तुम्हाला वाटतं मॉडमुळे गेम अडकतोय. पंख्याची जाळी साफ करून घ्या, लॅपटॉप गादीवर ठेवू नका, मागची बाजू उचलून ठेवा. कूलरच्या झोतासमोर मात्र ठेवू नका, ती हवा ओली असते. आणि गेममधला फ्रेम लिमिटर (सेकंदाला किती चित्रं काढायची ती मर्यादा) चालूच ठेवा. तो बंद केला की मशीन विनाकारण तापतं आणि या गेममध्ये इतर गोष्टीही बिघडतात.

अमळनेरी_पोऱ्या
भाऊ, कूलरसमोरच ठेवस ना मी रोज! आज पासून बंद.

केळीवाला_रावेर
आकडा बघितला. पांझरा भाऊ बरोबर होते, शून्याची पोकळी एफएक्सएएमध्ये भरल्यासारखी दिसते. घरच्या मशीनवर एसएमएए लावला.

गिरणाकाठ, चाळीसगाव
दुप्पट रिझोल्यूशन चाललं! दुपारी पंखा घरघरला, म्हणून आता रात्रीच खेळतो. पुलाचा कठडा शेवटपर्यंत सलग दिसतो. अगदी टोकाला गज एकमेकांत मिसळून राखाडी पट्टा होतो, पण नाचत नाही. झावळ्यांची वळवळ पूर्ण गेली नाही, मात्र बरीच शांत झाली. वर एसएमएए ठेवू का काढू?

मेहरूण, जळगाव
ठेवून बघ. चार नमुन्यांनी कडेला मोजक्याच छटा मिळतात, त्यामुळे आडव्या कडांवर हलक्या पायऱ्या उरतात. एसएमएए तेवढ्या पुसतो. टोकाचा तो राखाडी पट्टा मात्र दोष समजू नकोस. तेवढ्या लांब दोन गजांमधलं अंतर एका पिक्सेलपेक्षा कमी आहे, तिथे राखाडी हेच खरं उत्तर.

नंदुरबारी_मिरची
धागा जपून ठेवला. माझा प्रश्न: नीड फॉर स्पीड मोस्ट वाँटेड हा गाड्यांचा गेम, २००५ चा. विजेच्या तारा आणि जाळीची कुंपणं यांचाच त्रास आहे. हेच सगळं चालेल का?

पांझरा, धुळे
तो डायरेक्टएक्स ९ चा आहे, दुभाषा लागत नाही, रीशेडमध्ये सरळ ९ निवड. गेमच्या स्वतःच्या मेनूत अँटीअलायझिंग (कडा गुळगुळीत करायची सोय) आहे, ते आधी वाढव, तारांना त्याने फायदा होईल. कुंपणाला नाही होणार, कारण वर ताईंनी सांगितलंय. मेनूतलं चालू असताना रीशेडचे खोलीवर अवलंबून असलेले इफेक्ट चालत नाहीत, पण एसएमएएमध्ये कड शोधायची पद्धत रंगावर ठेवली की त्याला खोली लागत नाही. दोन्ही एकत्र लाव. कार्ड कोणतं आहे ते सांग, मग कुंपणासाठी डीएसआर जमतं का बघू.